दिगूची उलटी रिंग

दिगू, तुझा फोटो टांगायला खिळा सापडत नव्हता, म्हणून हा सगळा घोटाळा उघडकीला आला.

परवा तुझी तेरवी आटोपली. काल मंदावहिनी म्हणाली, "भाऊजी, यायचा फोटो वर्कशॉपात लावून द्या, गिऱ्हाईक लोक इचारून राह्यले." तुझ्या बायकोनं मला काम सांगितलं, तेही हातोड्याचं, यावरूनच घरावर किती मोठा प्रसंग आला होता ते तुझ्या लक्षात यावं. मी फोटो काखेत मारला आणि निघालो. पहिल्या ठोक्याला भिंतीचं प्लास्टर पडलं, दुसऱ्या ठोक्याला माझा अंगठा सापडला. तुझे दोन्ही कारागीर तोंड फिरवून कुठल्याशा गाडीचं बॉनेट पुसत उभे राहिले. मेलेल्या मालकाच्या भाऊजींना हसू नये एवढी रीत तू त्यांना शिकवलेली दिसते. मग मी शहाणपणा केला. भिंतीत आधीपासून असलेला एकुलता एक दणकट खिळा हेरला. त्या खिळ्यावर काय टांगलं होतं ते तुला वेगळं सांगायला नको.

ती रिंग. फ्लायव्हीलची, दातेरी, एका जागी छिन्नीनं कापलेली. वीस-एक वर्षं ती तिथं आहे. नेरमध्ये कुणालाही विचारा, तो सांगेल, ती दिगूची उलटी रिंग. ती गोष्ट सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात तिखटमीठ लावून कुणी सांगितली असेल तर मी. यवतमाळच्या आमच्या कचेरीत तर ती चहाबरोबर चालायची. "आमच्या साळेबुवांनी रिंग उलटी बसवली" इथून सुरू केलं की फायली आपोआप मिटायच्या.

आज ती शेवटची सांगतो. या वेळी खरी सांगतो.

ते कापसाचे वाईट दिवस होते. लोक एसटीच्या थांब्यावर भावाबद्दल बोलायचेही थांबले होते. नाव काढलं की समोरचा आभाळाकडे पाहायचा आणि विषय बदलायचा. शेठच्या जिनिंगमध्ये निम्मी यंत्रं बंद पडून होती आणि गेटाजवळची टिनाची शेड रिकामी होती. त्या शेडवर तुझा डोळा. शेती सोडायची नव्हतीच तुला, पण सोबत गाड्या दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. "भाऊजी," तू म्हणालास, "कापूस माह्या हातात नाही. पाना माह्या हातात आहे." तेवढं एक वाक्य तू गंभीरपणे बोललास. मग लगेच माझ्या गाडीकडे पाहून हसलास.

माझी गाडी! सेवानिवृत्त साहेबाकडून घेतलेली, पांढरी, दिसायला एकदम खानदानी. आमच्या घरात तीन पिढ्या लेखणीपलीकडे कुणी काही उचललं नव्हतं, त्यामुळे गाडी घेतली म्हणजे चालवता येते, चालवता येते म्हणजे दुरुस्तही करता येते, असा माझा समज. ती कधी सेल्फला चालू व्हायची, कधी नुसतीच घर्रर्र करायची. तूच सांगितलंस की इंजिनमागच्या फ्लायव्हीलभोवती जी दातेरी रिंग असते, तिचे दाते दोन जागी झिजलेत. इंजिन नेमकं तिथं थांबलं की सेल्फच्या छोट्या गिअरला पकडायला काही उरत नाही. तोवर मी त्याला गाडीचा मूड म्हणत असे. सासुरवाडीच्या गावात असा एक कर्ता पुरुष उरला नव्हता ज्यानं माझी गाडी ढकलली नव्हती. मी आत बसून हात बाहेर काढून "हां, अजून थोडं" म्हणायचो.

तेव्हा शेठ तुला म्हणाला, "दिगंबर, रविवारी सकाळी येतो तुह्या घरी. जवायाची ते गाडी पयल्या सेल्फात चालू करून दाखव. झाली तं शेड तुही." दुसरा एक टायर पंक्चरवाला त्या शेडसाठी मागे लागला होता, हे तू मला सांगितलं नव्हतंस. शोभानं सांगितलं. माझी बायको असली तरी आधी ती तुझी ताई. तिनं मला वेगळं बोलावून बजावलं, "तुमी फक्त पाहा जा. हात लावू नका कायलेच."

मी हात लावला.

मे महिना, शनिवार, तुझ्या अंगणातला लिंब. तू सकाळीच गिअरबॉक्स खाली उतरवला, क्लच काढला, फ्लायव्हील काढून पोत्यावर ठेवलं. मी बॅटरी धरून होतो, आणि तू दोनदा सांगितलंस की उजेड तुझ्या डोळ्यांत न टाकता इंजिनात टाकावा. जुन्या रिंगला तू ड्रिलनं भोक पाडलं, छिन्नी लावली, एकच घाव. टण्णकन फुटली. मग मी नवी रिंग मोठ्या ऐटीत फ्लायव्हीलवर ठेवून पाहिली आणि ओरडलो, "दिगू! दुकानदारानं फसवलं! ही लहान आहे!"

तू पोत्यावर बसून पोट धरून हसलास. "भाऊजी, लहानच पाह्यजे. तापली का फुगते, निवली का आवयते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढोतांना पाह्यलं नाही का कधी?"

पाहिलं नव्हतं. यवतमाळात आमच्या गल्लीत नव्हती बैलगाडी. पण तू गावच्या लोहाराकडे धावा चढवत लहानाचा मोठा झाला होतास. लाकडी चाकापेक्षा लोखंडी धाव जराशी लहान, गवऱ्यांच्या गोल आगीत ती लाल करायची, सांडशांनी उचलून चाकावर टाकायची, वरून पाणी ओतायचं, की जन्मभर सुटत नाही. मोटारीच्या रिंगचंही तसंच, असं तुझं म्हणणं. आणि मला तेव्हाच आठवलं की गाडीसोबत साहेबानं एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं.

ते पुस्तक मी डिकीतून काढलं आणि त्या क्षणापासून त्या अंगणात दोन मिस्त्री झाले.

पुस्तकात लिहिलं होतं, फ्लायव्हील गार असेल तर बरं. मी ते वाचून दाखवलं. तू कूलरकडे पाहिलंस. घरात एकच कूलर, आणि त्याच्यासमोरची खाट जावयाची, हा सासुरवाडीचा नियम. दुपारच्या जेवणानंतर शोभा आत गेली तर माझ्या खाटेवर ओल्या पोत्यात गुंडाळलेलं फ्लायव्हील कूलरची हवा खात पडलेलं, आणि मी ओसरीवर पंख्याविना. "माह्या नवऱ्याच्या जागी हे कोन निजलं?" तिनं विचारलं. तू म्हणालास, "ताई, वजनानं भरते, घोरत नाही, आन् कामाले येते. ठेव हेच."

गवऱ्यांवरून मंदावहिनी भांडली. त्या तिच्या पावसाळ्याच्या होत्या. "चाकाले देल्या असत्या, मोटारीले कायले देऊ?" पण दिल्या. तू त्या चुलीसारख्या गोल रचल्या, सारख्या उंचीच्या, एकही इकडेतिकडे नाही. रिंग वर ठेवण्याआधी मला बोलावून दाखवलंस. "हे पाहा, दात्याले एका बाजूनं उतार घासलेला आहे. सेल्फचा गिअर इकून येते, म्हून उताराची बाजू त्याच्याकडे पाह्यजे. मी आता हे बाजू वर ठेवून राह्यलो. तुमी खडूनं खूण करा." मी केली. पांढऱ्या खडूनं, छान गोल खूण, खाली माझी कचेरीतली लहान सहीसुद्धा. गवऱ्यांच्या राखेत पांढरा खडू दिसेल का, हा विचार माझ्या तीन पिढ्यांत कुणी केला नव्हता.

वर मे महिन्याचं ऊन, खाली आग, आणि मधे आपण दोघं पाण्यावरून भांडत होतो. तू बादली भरून ठेवली होतीस. मी पुस्तकावर बोट ठेवून, "इथं स्पष्ट लिहिलंय! पाणी टाकायचं नाही! आपोआप निवू द्यायची, नाहीतर दाते ठिसूळ होतात!"

"भाऊजी, माह्या हातानं चढवलेली एक धाव सुटली नाही आजवर."

"धावेला दाते असतात का, दिगू?"

एवढा चांगला प्रश्न मी जन्मात दुसऱ्यांदा विचारलेला नाही. तू बादली उचलून लिंबाच्या आळ्यात ओतलीस, आणि मी विजयी झालो. माझ्या सगळ्या चुका अशा विजयानंतरच्या आहेत, हे शोभा तुला कधीही सांगेल. पुस्तकात त्या पाण्याच्या वाक्याच्या खालच्याच ओळीत रिंगची कुठली बाजू कुठं असावी ते लिहिलं होतं. ती ओळ मी वाचली. दुसऱ्या दिवशी.

रिंग किती तापली हे कळायला पुस्तकात रंग दिला होता. तू म्हणालास, रंगाबिंगाचं काही सांगू नका, आणि वहिनीकडून मूठभर ज्वारी आणलीस. एक दाणा रिंगवर टाकलास. नुसता घसरला. थोड्या वेळानं दुसरा. तडतडला, काळा पडला. मग तिसरा टाकलास आणि फट्! पांढरीशुभ्र लाही उडून थेट माझ्या पायाशी आली. "झालं! उचला!" तू ओरडलास, आणि मी लाही उचलली.

मी लाहीच उचलली, दिगू. तोंडात टाकली आणि जीभ भाजली. तेवढ्यात तू तुझ्या बाजूनं सांडशीनं रिंग उचललेली. मी धावत येऊन माझी सांडशी लावली, एक ठिणगी माझ्या लुंगीवर बसली, मी नाचलो, रिंग सुटली आणि राखेत पडून उलटीसुलटी झाली. वेळ नव्हता. क्षणभरात निवली की ती बसणार नाही, हे तूच सांगितलेलं. तू ती पुन्हा उचललीस, फ्लायव्हीलवर धरलीस आणि माझ्याकडे पाहून विचारलंस,

"भाऊजी, हेच बाजू वर ना?"

खडू दिसत नव्हता. माझी सहीही नव्हती. मला काहीही माहीत नव्हतं. पण अंगणात मंदावहिनी होती, शोभा होती, आणि मी नुकताच पाण्यावरून जिंकलो होतो. माझी भाजलेली जीभ सरळ वळली आणि मी मोठ्यानं म्हणालो, "हीच बाजू, दिगू! टाक!"

तू टाकलीस. किती सुंदर बसली ती! चार बाजूंनी चार हलके ठोके, आणि बसली. आपण तिच्याभोवती उकिडवं बसून ती निवताना पाहत राहिलो. कट्-कट् असा बारीक आवाज येत होता. तू म्हणालास, "ऐका, आवयून राह्यली." मला इतका आनंद झाला होता की मी तुझ्या पाठीवर थाप मारली, आणि काळ्या हाताचा पंजा तुझ्या बनियनवर उठला. वहिनीनं तो कधी धुऊन निघत नाही म्हणून मला दोन दिवाळ्या ऐकवलं.

मग घाईनं सगळं परत जोडलं. शेठ सकाळी येणार होता. बोल्ट आवळताना तुझं लक्ष बोल्टाकडे, माझं स्वयंपाकघराकडे.

रविवारी शेठ आला. सोबत गावचे दहा-पंधरा लोक, बरेचसे गाडी ढकललेले, म्हणजे हक्काचे प्रेक्षक. तू किल्ली माझ्या हातात दिलीस. तुझ्या आयुष्याच्या त्या सकाळी तू किल्ली मला दिलीस, गाडी भाऊजींची म्हणून. मी फिरवली.

कर्रर्रर्र!

लोखंडावर लोखंड. लिंबावरचे कावळे उडाले. मी पुन्हा फिरवली, पुन्हा कर्रर्र. तू पालथा होऊन खालून पाहिलंस, हातानं चाचपलंस, उठलास. तुझा चेहरा मी पाहिला. तुला कळलं होतं.

शेठनं विचारलं, "काय झालं, दिगंबर?"

"रिंग उलटी बसली."

"कोनं बसवली?"

मी तोंड उघडलं. सांगायलाच उघडलं होतं, असं मी वीस वर्षं स्वतःला समजावत आलो. पण तू माझ्या आधी बोललास. "म्या." आणि वर हसलास. "आता काढतो. परवा या, शेठ. आज चहा घेऊन जा."

लोक हसले. मीही हसलो, दिगू. सगळ्यांत मोठ्यानं. शेठनं चहा घेतला नाही.

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं यवतमाळला जाऊन दुसरी रिंग आणली. दुकानदार म्हणाला, "साहेब, खाऊन राह्यले का काय रिंगा?" पुन्हा गिअरबॉक्स खाली, पुन्हा छिन्नी, पुन्हा वहिनीच्या गवऱ्या, पुन्हा ज्वारी. या वेळी तू बाजूची खूण छिन्नीनं केलीस आणि मला पाच हात लांब बाजेवर बसवून हातात ज्वारीची वाटी दिलीस. "भाऊजी, तुमी लाह्या सांभाळा." मी इमानानं सांभाळल्या. गाडी पहिल्या सेल्फात चालू झाली, अशी की आपण दोघं दचकलो.

पण परवाचा दिवस उजाडला आणि शेठ आला नाही. त्या पंक्चरवाल्याला शेड दिल्याचं गावात बोललं जाऊ लागलं. मी म्हणालो जाऊ दे. तू मला गाडीत घातलंस आणि थेट जिनिंगच्या गेटासमोर नेलंस. गाडी बंद केलीस. चालू केलीस. बंद. चालू. चौकीदार आला. बंद. चालू. मुनीम आला. सातव्यांदा शेठ बनियनवर बाहेर आला, एका गालाला साबण लावलेला. "अबे बस कर, बॅटरी संपल!" तू पुन्हा बंद केलीस. पुन्हा चालू केलीस. शेठ थोडा वेळ इंजिनचा आवाज ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "घे शेड. पन एक सांगतो, माह्या आवारात गवऱ्या पेटवायच्या नाहीत. सारा कापूस आहे."

म्हणून तुझ्या वर्कशॉपातल्या सगळ्या रिंगा जन्मभर तुझ्या अंगणातच तापल्या. आणि पाणी तू एकीवरही ओतलं नाहीस. मी पाळत ठेवून होतो. पण कबूल मात्र केलं नाहीस. दर दिवाळीला मी विचारायचो, "काय मग, पाण्याचं काय ठरलं?" आणि तू म्हणायचास, "टाकलं असतं तं आणखी गच्च बसली असती." गेल्या दिवाळीलाही तेच झालं. आता या वादात माझ्या विरुद्ध बोलायला कुणी नाही. मी जिंकलो आहे असं मात्र अजिबात वाटत नाही. वयानं लहान माणसानं असं अर्ध्यातून उठून जायचं नसतं.

तर ती उलटी बसलेली, कापून काढलेली रिंग तू वर्कशॉपात टांगलीस. मला वाटलं, स्वतःच्या चुकीची आठवण म्हणून. माणूस थोर, असं मी लोकांना सांगायचो, आणि मग तीच गोष्ट सांगून हसवायचो. तुझ्याच मुलीच्या लग्नात, तुझ्या व्याह्यांसमोर सांगितली, तेव्हा तू माझ्या पाठीवर थाप मारून हसत होतास. नेरच्या बाजारात तुला लोक उलटी रिंगवाला म्हणायचे, आणि तू हात वर करून ओ द्यायचास. त्या रिंगखाली बसून मी तुझा किती चहा प्यालो! चार-पाचदा तरी खरं सांगायला घसा साफ केला असेल. घसा साफ झाला की तू कपात चहा ओतायचास. "घ्या, भाऊजी." मला वाटायचं, तू विसरलास. मला विचारलं होतंस हेच विसरलास. मला ते सोयीचं होतं.

काल खिळ्यावरून ती रिंग काढली. हात काळे झाले. भिंतीकडची बाजू वीस वर्षं कुणी पाहिलेली नव्हती. तिच्यावर काहीतरी टोचल्यासारखं दिसलं. मी धोतराच्या सोग्यानं पुसलं. पंचनं ठोकलेली बारीक टिंबं, टिंबांची अक्षरं, अक्षरं रिंगच्या वळणानं गेलेली. तुझंच अक्षर, शाळेत असल्यापासून वाकडं.

"हीच बाजू. – भाऊजी."

आणि पुढे, लहान, माझी कचेरीतली सही. हुबेहूब.

मी स्टुलावर बसलो. कारागिरांना वाटलं मला रडू येतंय, म्हणून एकानं पाणी आणलं. मी हसत होतो. रडतही होतो, पण हसणं जास्त होतं. एवढी वर्षं मी तुझी गंमत सांगत होतो, आणि माझी गंमत माझ्याच डोक्यावर टांगलेली होती, तोंड भिंतीकडे करून. ती तू फिरवली असतीस तर एका चहात माझी अख्खी कचेरी माझ्यावर हसली असती. नाही फिरवलीस. माझ्यासमोरही नाही.

तेवढ्यात शोभा डबा घेऊन आली. मी रिंग तिच्या हातात दिली. तिनं चष्मा लावून फिरवत फिरवत वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुमी?"

"हाव," मी म्हणालो. तीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा तुमच्या बोलीत बोललो असेन.

"आन् दिगूले सारं गाव हसलं."

"हाव."

तिनं डबा ठेवला, पदरानं रिंगवरची उरलेली धूळ पुसली. मग तिला तो शनिवार आठवला असावा, माझी लुंगी, माझा नाच. ती हसायला लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली, दिगू. हसता हसता म्हणाली, "अन् लाही खाल्ली यायनं!"

तुझा फोटो दुसऱ्या भिंतीवर लावला. खिळा तुझ्या कारागिरानं ठोकला, माझा अंगठा सुजलाय. रिंग मात्र मी स्वतः टांगली, तिच्याच खिळ्यावर, अक्षरं बाहेरच्या बाजूला. आज सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, ट्रॅक्टरवाला. त्यानं मान वाकडी करून वाचलं आणि विचारलं, "हे भाऊजी कोन?" मी हात वर केला. मग त्याला बसवलं, चहा सांगितला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, खडूसकट.

टांगताना मी दोनदा पाहिलं, दिगू. चष्मा लावून पाहिलं, शोभाला विचारून पाहिलं. हीच बाजू.